ब्रिटनमधील लिंगओळखीचा आणि सर्वनामांचा वाद

जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि माणसाला स्वतःविषयी आतून जाणवणारी ओळख यांत अंतर असेल, तर कायद्याने, दवाखान्याने, शाळेने आणि कचेरीतल्या सहकाऱ्याने त्यातले काय धरून चालावे, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये २०१५ नंतरच्या दशकात फार कडवट भांडण झाले. संसदेपासून रोजगार न्यायाधिकरणांपर्यंत आणि विद्यापीठांपासून फुटबॉल संघटनेपर्यंत एकही संस्था त्यातून सुटली नाही. बाहेरून हा एकच वाद दिसतो. वास्तविक त्यात तीन निराळे प्रश्न आहेत: एखादी व्यक्ती खरोखर कोण आहे, कायद्याने तिला कोणत्या कामासाठी कोण मानायचे, आणि रोजच्या बोलण्यात इतरांनी तिचा उल्लेख कसा करायचा. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असले पाहिजे, असे दोन्ही बाजूंच्या आग्रही मंडळींनी धरून ठेवले. वाद चिघळण्याचे ते मोठे कारण आहे. न्यायालयांनी मात्र हे प्रश्न एकेक करून सुटे केले, आणि आज जी काही स्पष्टता आहे ती बहुतांशी त्यांच्याकडून आली आहे.

या प्रश्नाचा इतिहास आजच्या भांडणापेक्षा बराच जुना आहे. मायकेल डिलन यांची जन्मनोंद १९४४ मध्येच बदलून पुरुष अशी करून देण्यात आली होती. तेव्हा अशा दुरुस्त्या निबंधकाच्या पातळीवर, गाजावाजा न होता होत असत. डिलन पुढे डॉक्टर झाले आणि जहाजावर नोकरी करू लागले. ते एका सरदार घराण्यातले होते. घराण्यांची माहिती देणाऱ्या दोन प्रसिद्ध ग्रंथांपैकी एकात त्यांची नोंद बदलली, दुसऱ्यात जुनीच राहिली, आणि ही विसंगती १९५८ मध्ये वृत्तपत्रांच्या हाती लागली. बातम्यांचा मारा सहन न होऊन ते भारतात आले, बौद्ध झाले, लडाखमधील रिझोंग मठात राहिले आणि १९६२ मध्ये डलहौसी येथे वारले. एका माणसाची ओळख हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला की त्या माणसाचे काय होते, याचे हे ब्रिटनमधले फार जुने उदाहरण आहे. आजच्या चर्चेत ते क्वचितच आठवले जाते.

निबंधकांची ही सवलत १९७० च्या कॉर्बेट खटल्याने संपली. एप्रिल ॲश्ली ही नावाजलेली मॉडेल ट्रान्स स्त्री होती, म्हणजे जन्मनोंदीने पुरुष आणि ओळखीने स्त्री. तिच्याशी झालेला आपला विवाह रद्द ठरवावा, अशी तिच्या पतीची मागणी होती. न्यायमूर्ती ऑर्मरॉड स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले होते. गुणसूत्रे, जननग्रंथी आणि जननेंद्रिये या तिन्ही गोष्टी जन्मतः एकमेकींशी जुळत असतील, तर विवाहापुरते लिंग त्यांवरूनच ठरेल आणि नंतरच्या शस्त्रक्रियेने ते बदलणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. हा निर्णय विवाहापुरता होता, पण पुढे पेन्शन, तुरुंग आणि नोकरी अशा सर्वच ठिकाणी तो लावला गेला.

पुढची तीस वर्षे ट्रान्स व्यक्ती स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावत राहिल्या. १९८६ आणि १९९० मध्ये त्या हरल्या. ११ जुलै २००२ रोजी क्रिस्टीन गुडविन यांच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने एकमताने ब्रिटनला दोषी ठरवले. गुडविन यांची गाऱ्हाणी कसल्याही तात्त्विक वादाची नव्हती. त्या काळी स्त्रियांना साठाव्या वर्षी पेन्शन मिळे आणि पुरुषांना पासष्टाव्या. त्या स्त्री म्हणून जगत होत्या, पण सरकारी दप्तरात पुरुष होत्या. म्हणून पासष्टीपर्यंत वर्गणी भरणे त्यांना भाग होते. प्रत्येक नव्या नोकरीत जुनी कागदपत्रे पुढे येत आणि सगळा इतिहास उघडा पडे.

या निकालामुळे २००४ चा लिंगभाव मान्यता कायदा आला. अर्जदार अठरा वर्षांवरील असावा, त्याला लिंगओळखीच्या अस्वस्थतेचे वैद्यकीय निदान मिळालेले असावे, निवडलेल्या लिंगभावात तो दोन वर्षे जगलेला असावा आणि मरेपर्यंत तसेच राहण्याचा निर्धार त्याने प्रतिज्ञेवर सांगावा, अशा अटी त्यात आहेत. शस्त्रक्रियेची अट नाही, आणि त्या काळाच्या मानाने ही उदार गोष्ट होती. तज्ज्ञांचे मंडळ कागदपत्रे तपासून प्रमाणपत्र देते. ते मिळाले की व्यक्तीचे लिंग ‘सर्व कारणांसाठी’ बदलले असे कायदा म्हणतो आणि लगेच अपवादांची वाटही मोकळी ठेवतो. सरकारी कामातून कळलेली अशी माहिती फोडणे हा गुन्हा ठरवला गेला. कोणी कोणते सर्वनाम वापरावे याबद्दल या कायद्यात एक शब्दही नाही.

त्यानंतर २०१० चा समानता कायदा आला. भेदभावापासून संरक्षण देण्यासाठी त्याने नऊ वैशिष्ट्ये सांगितली. त्यांत ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव बदल’ ही दोन स्वतंत्र आहेत, आणि ‘धर्म किंवा श्रद्धा’ हेही एक आहे. लिंगभाव बदलाच्या संरक्षणासाठी प्रमाणपत्र लागत नाही. बदलाची वाट धरायचे ठरवले तरी पुरते. दुसरीकडे, फक्त स्त्रियांसाठी असलेली निवारागृहे, वॉर्ड, कपडे बदलण्याच्या जागा आणि खेळ यांना वाजवी कारण असल्यास वेगळेपण राखण्याची मुभा आहे. या कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री, की प्रमाणपत्राने झालेली स्त्रीही, हे मसुदा लिहिणाऱ्यांनी स्पष्ट केले नाही. तेव्हा कोणाला त्याची गरजही भासली नाही. पुढच्या खटल्यांची सगळी मालिका या एका मौनातून निघाली.

वादाला आजचे रूप २०१६ नंतर आले. संसदेच्या स्त्री व समानता समितीने त्या वर्षी जानेवारीत शिफारस केली की वैद्यकीय निदानाची आणि मंडळाची अट काढून स्वघोषणेवर मान्यता द्यावी. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि आयर्लंडने २०१५ मध्ये तसे कायदे केलेले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असेही म्हटले होते. भारतात पुढचा झगडा प्रमाणपत्र, उपजीविका आणि आरक्षण यांभोवती झाला. ब्रिटनमध्ये तो स्त्रियांच्या जागांभोवती आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याभोवती झाला. २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी सुधारणेचे आश्वासन दिले. २०१८ च्या सरकारी विचारविनिमयाला एक लाखाहून अधिक उत्तरे आली. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारने स्वघोषणेचा विचार सोडून दिला आणि अर्जाची फी १४० पौंडांवरून ५ पौंडांवर आणण्यावर समाधान मानले.

त्या वर्षांत बाजू आखल्या गेल्या. स्वघोषणेच्या समर्थकांचे म्हणणे साधे होते. आपण कोण आहोत हे अनोळखी मंडळापुढे सिद्ध करावे लागणे अपमानाचे आहे. निदानासाठी सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे थांबावे लागते. आणि प्रमाणपत्र मुख्यतः जन्मदाखला, विवाह आणि पेन्शनसाठी उपयोगी पडते, स्वच्छतागृहाच्या दारात ते कोणी विचारत नाही. स्टोनवॉल ही समलिंगी हक्कांची मोठी संस्था २०१५ पासून ट्रान्स हक्कांसाठीही काम करू लागली होती. तिच्या सल्ल्याने अनेक खात्यांनी आणि कंपन्यांनी आपली धोरणे बदलली. पत्राखाली नावाबरोबर सर्वनाम लिहिण्याची रीत पसरली ती याच काळात.

विरोध करणाऱ्यांत धार्मिक परंपरावादी होतेच, पण ब्रिटनच्या वादाला वेगळेपण दिले ते डाव्या आणि मजूर चळवळींत घडलेल्या स्त्रीवाद्यांनी. ‘वुमन्स प्लेस यूके’ ही २०१७ मधली संघटना कामगार संघटनांतील स्त्रियांनी उभी केली. त्यांचा युक्तिवाद असा की स्त्रीवर होणारा अन्याय तिच्या देहाशी, गर्भारपणाशी आणि तिच्यावर होणाऱ्या हिंसेशी जोडलेला आहे. ‘स्त्री’ ही संज्ञा स्वघोषणेवर सोडली तर या अन्यायाची मोजदादही करता येणार नाही, आणि पुरुषी हिंसेतून सुटून आलेल्या बाईला निवाऱ्यात हवा असलेला आडोसा कोणी नाकारू नये. ‘फॉर वुमेन स्कॉटलंड’ २०१८ मध्ये निघाली. समलिंगी हक्कांच्या चळवळीतही फूट पडली आणि २०१९ मध्ये ‘एलजीबी अलायन्स’ वेगळी झाली. लेखिका जे. के. रोलिंग यांनी डिसेंबर २०१९ मध्ये आणि मग जून २०२० मध्ये सविस्तर लिहून या बाजूने उडी घेतली, तेव्हा वाद जगभर पोचला. या दोन्ही युक्तिवादांत वजन आहे. दोन्ही बाजूंना आपापल्या अनुभवातून आलेली खरी भीती होती. मात्र समाजमाध्यमांवरच्या भांडणात एकीची भीती दुसरीला ढोंग वाटू लागली.

सर्वनामांचा मुद्दा इतका का तापला हे समजण्यासाठी इंग्रजीची रचना ध्यानात घ्यावी लागते. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग त्याच्याच क्रियापदातून उघड होते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच ओळख सांगितली जाते, आणि समोरच्याला उद्देशून ‘आलास’ की ‘आलीस’ हेही ठरवावे लागते. इंग्रजीत पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषात लिंग दिसतच नाही. ते दिसते फक्त तृतीय पुरुषी एकवचनात, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या उल्लेखात. त्यामुळे माणूस स्वतःच्या ओळखीविषयी स्वतःच्या बोलण्याच्या व्याकरणातून काही सांगू शकत नाही. ती ओळख पूर्णपणे इतरांच्या तोंडी असते. सर्वनामाचा तंटा होतो तो हजेरीपटावर, रुग्णाच्या कागदांत, तक्रारीच्या नोंदीत, साक्षीत आणि बातमीत. ट्रान्स व्यक्तीला यातून आपण या समाजात मोजले जातो की नाही हे कळते. न मानणाऱ्याला वाटते की आपल्याला न पटलेले विधान रोज, प्रत्येक वाक्यात, आपल्याच तोंडून वदवून घेतले जात आहे.

इंग्रजीतील ‘दे’ (they) हे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीसाठी वापरण्याची मागणी हा याच वादाचा एक भाग आहे. अनोळखी किंवा अनिश्चित व्यक्तीसाठी ते एकवचनी वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासून सापडते. ठाऊक असलेल्या, नाव-गाव माहीत असलेल्या एका व्यक्तीसाठी ते वापरणे मात्र नवे आहे. स्वतःला स्त्री किंवा पुरुष या दोन्ही चौकटींबाहेर मानणाऱ्या नॉनबायनरी व्यक्तींनी ही रीत आणली. सॅम स्मिथ या गायकाने २०१९ मध्ये तशी जाहीर विनंती केल्यावर तिला घराघरांत ओळख मिळाली. कायद्याने या गटाला अर्धेच जवळ केले आहे. जॅग्वार लँड रोव्हर कंपनीतील एका अभियंत्याच्या खटल्यात २०२० मध्ये न्यायाधिकरणाने नॉनबायनरी व्यक्तीलाही लिंगभाव बदलाचे संरक्षण दिले. परंतु पासपोर्टवर ‘एक्स’ अशी तिसरी नोंद मिळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने फेटाळली.

बोलण्याच्या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा खटला माया फोरस्टेटर यांचा. विकासविषयक संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्या कराराने काम करत. लिंग जैविक असते आणि ते बदलता येत नाही, अशी मते त्यांनी ट्विटरवर मांडली आणि त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने त्यांची श्रद्धा लोकशाही समाजात आदरास पात्र नाही असे ठरवले. १० जून २०२१ रोजी अपील न्यायाधिकरणाने हे मत उलटवले. संरक्षणाबाहेर राहतील त्या फक्त नाझीवाद किंवा सर्वंकष हुकूमशाहीसारख्या, इतरांचे हक्कच नष्ट करू पाहणाऱ्या श्रद्धा, असे न्यायमूर्ती चौधरी यांनी म्हटले. लिंग जैविक आहे हे मत समाजात अनेकांचे असते आणि ते बाळगण्याचा हक्क आहे. त्याच निकालात त्यांनी लगेच जोडले की याचा अर्थ ट्रान्स व्यक्तींचा उल्लेख हवा तसा करण्याचा परवाना मिळाला असा नाही. कामाच्या जागी असे वागणे छळ ठरू शकते. पुढे २०२२ मध्ये फोरस्टेटर यांच्याबाबत भेदभाव झाला असा निर्णय लागला आणि २०२३ मध्ये त्यांना एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. या निकालाची पहिली अर्धी बाजू विजयाच्या घोषणांत गाजली आणि दुसरी मागे पडली. वाचायचा तर तो पूर्ण वाचायला हवा.

ती दुसरी बाजू मॅकेरेथ प्रकरणात स्पष्ट दिसते. अपंगत्व भत्त्याच्या अर्जदारांची तपासणी करणाऱ्या एका डॉक्टरांनी २०१८ मध्ये, ख्रिस्ती श्रद्धेमुळे आपण अर्जदाराने सांगितलेले सर्वनाम वापरणार नाही असे सांगितले. २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांची श्रद्धा संरक्षित मानली आणि तरीही खटला त्यांच्या विरोधात दिला. तपासणीला येणारा माणूस आधीच अडचणीत असतो, त्याला आदराने वागवण्याची नियोक्त्याची अट वाजवी आहे, हे त्यामागचे कारण. पोलिसांच्या बाबतीत पारडे दुसरीकडे झुकले. ट्रान्स विषयावरील ट्विट्सबद्दल हॅरी मिलर यांच्या नावे पोलिसांनी ‘गुन्हा नसलेली द्वेषघटना’ नोंदवली होती आणि त्यांच्या कामाच्या जागी चौकशीसाठी पोलीस गेले होते. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांची ही मार्गदर्शक पद्धतच बेकायदा ठरवली, कारण कायदेशीर बोलण्यावरही तिच्यामुळे दहशत बसते. न्यायाधीशांसाठीच्या मार्गदर्शिकेतही बदल झाला. हाइड पार्कमध्ये २०१७ साली एका प्रौढ स्त्रीवर हल्ला झाला, आणि साक्ष देताना ट्रान्स स्त्री असलेल्या आरोपीचा उल्लेख स्त्रीलिंगी करावा असे न्यायाधीशांनी तिलाच सांगितले. त्यावरून बरीच टीका झाली. पीडित साक्षीदारावर अशी सक्ती योग्य ठरणार नाही असे प्रसंग असतात, हे मार्गदर्शिकेच्या नंतरच्या आवृत्तीने मान्य केले.

या निकालांतून एक मधली वाट तयार झाली आहे. काय मानावे हे राज्य ठरवणार नाही. एखाद्या मतापायी कोणाची नोकरी जाणार नाही. पण समोरच्या माणसाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा दुखावणे हा मतस्वातंत्र्याचा भाग नाही, आणि किती बंधन वाजवी हे प्रसंग, नाते आणि अधिकार पाहून ठरेल. ही वाट कोणालाच पूर्ण समाधान देत नाही. तरीही ती बरोबर आहे. सर्वनाम हा मुळात सभ्यतेचा प्रश्न आहे, आणि सभ्यता कायद्याच्या धाकाने थोडीच टिकते. जिथे अधिकार असमान असतात, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर किंवा नोकर आणि मालक यांच्यात, तिथे मात्र कायद्याने लक्ष घालावे लागते. विद्यापीठांनी हा फरक नीट पाळला नाही. ससेक्स विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक कॅथलीन स्टॉक यांना निदर्शनांनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये राजीनामा द्यावा लागला. ज्या जागी मतभेद मांडून तपासायचे, तिथेच ते मांडणे धोक्याचे झाले.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यात हक्कांच्या भाषेपेक्षा वैद्यकीय पुराव्याला अधिक महत्त्व आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत मुलांसाठीची लिंगओळख सेवा चाले. तिच्याकडे २०११-१२ मध्ये २५० हून कमी मुले पाठवली गेली होती. २०२१-२२ मध्ये ही संख्या ५,००० च्या वर गेली. पूर्वी जन्माने मुलगे असलेली मुले जास्त येत, आता किशोरवयीन मुली बहुसंख्य झाल्या. सेवेवरचा ताण, प्रतीक्षायादी आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या तक्रारी यांमुळे बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्याकडे आढाव्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ रोजी आला. यॉर्क विद्यापीठाने केलेल्या पुराव्याच्या छाननीवर तो आधारलेला होता. वयात येणे थांबवणारी औषधे आणि संप्रेरके यांच्या दूरगामी परिणामांबद्दलचा पुरावा कमकुवत आहे, असा त्याचा निष्कर्ष. टॅव्हिस्टॉकची सेवा मार्च २०२४ मध्येच बंद झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने अठरा वर्षांखालील मुलांना या कारणासाठी वयात येणे थांबवणारी औषधे देण्यावरील बंदी अनिश्चित काळासाठी कायम केली. अहवालाच्या टीकाकारांनी, त्यांत काही अमेरिकी वैद्यक-संशोधकही होते, पुराव्याचा दर्जा ठरवण्याच्या निकषांवर आक्षेप घेतले. औषधे बंद झाली पण त्यांच्या जागी पुरेशी दुसरी सेवा उभी राहिली नाही, ही मुलांच्या पालकांची तक्रार रास्त आहे. पुरावा अपुरा असल्याचे सांगणाऱ्या राज्यावर त्या मुलांची काळजी वाहण्याची जबाबदारी उलट वाढते.

शाळेत नाव आणि सर्वनाम बदलणे ही कॅस यांच्या मते दुर्लक्ष करावी अशी क्षुल्लक गोष्ट नाही, कारण मुलाच्या पुढच्या वाटचालीवर तिचा परिणाम होऊ शकतो. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत घाई करू नये, असे त्या सांगतात. इंग्लंडच्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये शाळांसाठी मसुदा काढला. मुलाने मागितले म्हणून सर्वनाम बदलून देणे शाळेवर बंधनकारक नाही, पालकांना सामील करून घ्यावे, आणि शिक्षकांवर वा इतर मुलांवर नव्या सर्वनामाची सक्ती नसावी, असा त्याचा रोख होता. घरी सांगायला घाबरणाऱ्या मुलाचे काय, हा शिक्षकांचा प्रश्न खरा होता आणि मसुद्यात त्याचे पटेल असे उत्तर नव्हते.

स्कॉटलंडमध्ये राजकारणाने हा प्रश्न अंगावर घेतला आणि तिथेच तो सर्वांत जास्त पेटला. एडिनबरोच्या संसदेने २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी स्वघोषणेचे विधेयक संमत केले. त्यात वयाची मर्यादा सोळावर आली, निदानाची अट गेली आणि दोन वर्षांचा काळ तीन महिन्यांवर आला. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातील पस्तिसावे कलम पहिल्यांदाच वापरून ते अडवले. त्याच महिन्यात दोन बलात्कारांसाठी दोषी ठरलेल्या, खटल्याच्या काळात स्वतःला ट्रान्स स्त्री म्हणवणाऱ्या एका कैद्याला आधी स्त्रियांच्या तुरुंगात ठेवल्याचे उघड झाले. ही व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, या प्रश्नाला स्कॉटलंडच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांना सरळ उत्तर देता आले नाही. एका प्रकरणावरून सगळ्या समाजाचा न्याय करणे चूक होते. तशी प्रकरणे संभवतच नाहीत असे आधी सांगितले गेले होते, हीही चूकच होती. पुढच्याच महिन्यात स्टर्जन यांनी राजीनामा जाहीर केला.

‘स्त्री’ या शब्दाचा समानता कायद्यातील अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो स्कॉटलंडमधूनच. सार्वजनिक मंडळांवर स्त्रियांचे प्रमाण वाढवण्यासाठी २०१८ मध्ये तिथे केलेल्या कायद्यात प्रमाणपत्र असलेल्या ट्रान्स स्त्रिया मोजाव्यात की नाही, हा मूळ तंटा. १६ एप्रिल २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की समानता कायद्यात ‘लिंग’ म्हणजे जैविक लिंग. त्यांची कारणे घोषणांपेक्षा वेगळी होती. गर्भारपणाच्या तरतुदी ‘स्त्री’ला लागू होतात; प्रमाणपत्र घेतलेला ट्रान्स पुरुष गरोदर राहिला तर दुसऱ्या अर्थाने तो त्यांतून बाहेर पडेल. शिवाय प्रमाणपत्र गोपनीय असते. ते असलेल्या आणि नसलेल्या ट्रान्स स्त्रियांत फरक करायचा, तर सेवा देणाऱ्याने तो कसा ओळखायचा? लॉर्ड हॉज यांनी निकालाचा सारांश वाचताना बजावले की याला एका गटाचा दुसऱ्यावरचा विजय समजू नये, आणि लिंगभाव बदलाच्या कारणाने होणाऱ्या भेदभावापासून ट्रान्स व्यक्तींचे संरक्षण कायम आहे. सर्वनामांविषयी हा निकाल काहीच बोलत नाही. कायद्यातील एका संज्ञेचा अर्थ लावणे वेगळे आणि माणसाला हाक कशी मारावी हे सांगणे वेगळे, ही मर्यादा न्यायालयाने पाळली. एक उणीव मात्र राहिली. या खटल्यात हस्तक्षेप करण्याचा अर्ज निवृत्त न्यायाधीश आणि ट्रान्स स्त्री व्हिक्टोरिया मॅक्लाउड यांनी केला होता, आणि त्यांना परवानगी मिळाली नाही. ज्यांच्या आयुष्याबद्दल निर्णय होता, त्यांच्यापैकी कोणाचेही म्हणणे थेट ऐकले गेले नाही.

परिणाम लगेच दिसू लागले. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मे २०२५ मध्ये आणि फुटबॉल संघटनेने १ जूनपासून ट्रान्स स्त्रियांना स्त्रियांच्या स्पर्धांतून वगळले. समानता आयोगाने निकालानंतर नऊ दिवसांनी अंतरिम सूचना काढल्या. ट्रान्स स्त्रीने स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाऊ नये, ट्रान्स पुरुषाने पुरुषांच्या. काही प्रसंगी त्यांना जन्मलिंगाच्या जागेतूनही वगळता येईल. मात्र कोणतीच जागा उरू नये असे होता कामा नये, असा त्यांचा आशय होता. लहान दुकान, जुनी इमारत, गावातले सभागृह यांत तिसरी खोली आणायची कुठून, याचा हिशेब त्यांत नव्हता. दाढी असलेल्या ट्रान्स पुरुषाला स्त्रियांच्या खोलीत जायला सांगणे तिथल्या स्त्रियांनाही नको असते, हे निकालाच्या समर्थकांतही अनेकांना मान्य आहे.

ज्यांच्याविषयी एवढे सगळे चालले आहे त्यांची संख्या थोडी आहे, आणि तीही नेमकी ठाऊक नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील सुमारे २ लाख ६२ हजार जणांनी, म्हणजे ०.५ टक्क्यांनी, आपली लिंगओळख जन्मनोंदीपेक्षा वेगळी असल्याचे सांगितले. इंग्रजी कच्चे असलेल्या भागांत हे प्रमाण संशयास्पद रीतीने जास्त आले. प्रश्नच नीट कळला नसावा असा आक्षेप एका समाजशास्त्रज्ञाने घेतला, आणि सांख्यिकी कार्यालयाने या आकड्यांची अधिकृत मान्यता २०२४ मध्ये मागे घेण्यास सांगितले. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत १९,९९० जण ट्रान्स असल्याचे आढळले. २००४ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र घेणारे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत साडेआठ हजारांच्या आसपास होते. लोकमत मात्र वेगाने फिरले. ब्रिटिश सामाजिक दृष्टिकोन पाहणीत, जन्मदाखल्यावरील लिंग बदलता यावे असे म्हणणारे २०१९ मध्ये ५३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३० टक्क्यांवर आले. ट्रान्स लोकांबद्दल आपल्या मनात अजिबात पूर्वग्रह नाही असे सांगणारेही ८२ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आले. पहिली घसरण कायद्याच्या एका प्रश्नावरचे मतांतर म्हणता येईल. दुसरी तशी नाही. तिच्यात माणसांविषयीची नावड आहे, आणि वादाच्या भाषेने ती वाढवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेशायरमध्ये सोळा वर्षांच्या एका ट्रान्स मुलीचा दोन किशोरवयीनांनी खून केला. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी ती ट्रान्स असल्याबद्दलचा द्वेष हा दुय्यम हेतू मानला. ही शिक्षा झाल्यानंतर काही दिवसांतच पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत विरोधी नेत्यावर टीका करताना स्त्रीच्या व्याख्येवरून शेरा मारला. मुलीची आई त्या दिवशी संसदेच्या इमारतीत आलेली होती.

२००४ चा कायदा आजही लागू आहे. प्रमाणपत्राने जन्मदाखला बदलतो, विवाहात आणि मृत्यूच्या नोंदीत निवडलेला लिंगभाव येतो, आणि माहिती फोडणाऱ्याला शिक्षा होते. परंतु समानता कायद्याच्या कामी ते प्रमाणपत्र आता उपयोगी पडत नाही, आणि हे दोन कायदे एकमेकांशी कसे जुळवायचे हे संसदेने ठरवलेले नाही. प्रौढांच्या लिंगओळख दवाखान्यांत पहिल्या भेटीसाठीच अनेक वर्षांची रांग आहे. वादाच्या कोणत्याही बाजूने ती कमी व्हावी म्हणून मोर्चा काढलेला क्वचितच दिसला. कामाच्या जागचे तंटे एकेक करून न्यायाधिकरणांपुढे येत आहेत. सर्वनामांच्या बाबतीत तिथे अजून फोरस्टेटर आणि मॅकेरेथ हे दोन निकाल एकत्र वाचले जातात.